शिंकान्सेनचं (जपानच्या बुलेट ट्रेनचं) नाक एवढं लांब का?

प्रश्न: लेक चित्र बघून विचारते, बाबा, गाडीला चोच का? हवा कापायला, म्हटलं. पण विमानाचं नाक तर आखूड असतं! मग खरं कारण काय?

उत्तर: बोगदे. गाडी वेगात आत शिरली की पुढची हवा दट्ट्याने दाबावी तशी दाबली जाते आणि पलीकडच्या तोंडाशी धडाम् आवाज होतो. ओसाकाहून पश्चिमेला जाणारा सान्यो हा शिंकान्सेन मार्ग जवळजवळ निम्मा बोगद्यांत. त्यावर १९९७ साली आलेल्या ५०० मालिकेच्या गाडीचे अभियंते एइजी नाकात्सु पक्षीनिरीक्षक. फारसं पाणी न उडवता सूर मारणाऱ्या खंड्याची चोच त्यांनी समोर ठेवली. नाक १५ मीटर, वेग ताशी ३०० किमी.

उत्तर: मी ओसाकात राहतो, या गाडीने ओकायामाला गेलोय. डबा नळकांड्यासारखा गोल. खिडकीशी बसलं की भिंत खांद्यावर झुकते. पहिल्या डब्याला पुढचं दारच नाही, ती जागा नाकात गेली. कोदामा या सगळीकडे थांबणाऱ्या सेवेत ती प्रत्येक स्टेशनवर थांबायची, शेजारून नोझोमी ही जलद गाडी सुसाट गेली की अख्खा डबा हलायचा. तरी माझी सगळ्यात लाडकी गाडी हीच.

प्रश्नकर्ता: खंड्या! आमच्या विहिरीवर रोज बसतो. उद्या लेकीला तिथेच नेतो.