कॅम्परव्हॅनची बॅटरी दोन रात्रीत बसली, आतल्या लाइटमुळे की दुसरंच काही?

भुसावळकर_बाबा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे जुनी सतरा सीटर होती, शाळेची पोरं ने-आण करायची. ते काम बंद झालं पण विकायला जीव होईना, म्हणून मागच्या वर्षी तिची कॅम्परव्हॅन करून घेतली. मागं आडवा पलंग, पलंगाखाली सामानाची डिक्की, एका बाजूला छोटा ओटा, आणि छताला दोन्ही कडेनं एलईडी स्ट्रिप, सगळी मिळून साधारण 8 मीटर. ओट्याखाली 150 एएचची (एएच म्हणजे अँपिअर गुणिले तास, बॅटरीत किती मावतं ते) इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी आहे, तिच्यावर पंखा, लहान फ्रीज आणि मोबाइल चार्जिंग, तिला वर 160 वॉटचं सोलर. पण लाइट मात्र इंजिनच्या मूळ बॅटरीवर आहेत (100 एएच, तीन वर्षं झाली). काम करून देणारा म्हणाला वायर तिकडून जवळ पडते, लाइटला कितीसा करंट लागतो. मीही मान डोलावली.

आता डिसेंबरात तोरणमाळला गेलो. शुक्रवारी संध्याकाळी पाचला तलावाजवळ गाडी लावली ती रविवारी सकाळी नऊला निघायला चावी फिरवली, तर टक टक टक, सेल्फ उचलेना. वर कडाक्याची थंडी, बायको स्वेटरवर शाल घेऊन बसलेली, नातू विचारतोय आजोबा गाडी झोपली का. शेवटी एका पिकअपवाल्या भाऊनं त्याच्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून जंप दिला, पैसे घेईना, चहा पाजला.

लाइट आम्ही रोज रात्री आठ ते साडेदहा, बस एवढेच लावले. अडीच तासात बॅटरी बसते का? आते काय करू भो, लाइट काढून टाकू की बॅटरी मोठी टाकू?

तापीकाठ

बाबा, लाइट गरीब दिसतात पण असतात खादाड. स्ट्रिप कोणती आहे त्यावर आहे सगळं. 5050 वाली (मोठ्या दाण्याची), मीटरला 60 दाणे, अशी असेल तर मीटरला 14.4 वॉट धरतात. 8 मीटरचे झाले 115 वॉट, 12 व्होल्टवर जवळजवळ साडेनऊ अँपिअर. अडीच तासाचे 24 एएच, दोन रात्रीचे 48. तुमची बॅटरी तीन वर्षं जळगाव-भुसावळच्या उन्हात शिजलेली, ती आता 100 ची राहिलीय का? मला तर 48 मध्येच हिशेब लागला. शिवाय सेल्फची बॅटरी एकदम जोरात झटका द्यायला बनवलेली असते, हळूहळू रिकामी करायला नाही, दर वेळी अर्ध्याखाली नेली तर लवकर मरते.

मीटरला 4.8 वॉटवाली साधी 3528 (लहान दाण्याची) स्ट्रिप लावा, वाचायला पुरते. आणि डिमर. अर्ध्यावर ठेवलं तर करंटही जवळजवळ अर्धा होतो.

खान्देशी_ड्रायव्हर

सरळ 150 ची टाका पुढं, विषय संपला. आमच्या गाडीला केलंय, दोन वर्षं झाली काही त्रास नाही.

वायरिंगवाला_धुळे

वरच्या भाऊचं म्हणजे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. करंट कुठं जातोय ते बघितलं नाही आणि बॅटरी मोठी करायची. दोन दिवसांऐवजी तीन दिवसांनी बसेल एवढंच. (आणि अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरतो त्याला, ती भरायला अजून जास्त वेळ.)

बाबा, आधी मोजा. अंदाजाचं काम नाही हे. एक साधं मल्टिमीटर घ्या ज्यात 10 अँपिअरची वेगळी भोकं असतात. गाडी बंद, चावी बाहेर, सगळे लाइट बंद, टेप बंद, दारं लावलेली. मग बॅटरीची निगेटिव्हची केबल काढायची, पॉझिटिव्हला हात लावायचा नाही, पाना बॉडीला टेकला तर ठिणगीचा गणपती होतो. मीटरची एक तार केबलला, एक टर्मिनलला, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग वाचा. 50 मिलीअँपिअरच्या आत असेल, म्हणजे मीटरवर 0.05, तर गाडी निरोगी. त्याच्या वर गेलं की गुपचूप करंट खाणारा चोर आहे. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्यावर आकडा धाडकन पडेल त्या लाइनीवर चोर.

मीटर लावलेलं असताना चुकूनही सेल्फ मारू नका आणि 10 अँपिअरच्या वरचा लोड चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडतो. मी स्वतः दोन उडवलेत, लाज कशाची.

मला संशय लाइटचा नाहीच. रात्री तुम्ही झोपल्यावर जे चालू राहतं त्याचा आहे. टेपचा अँप्लिफायर, स्ट्रिपच्या रिमोटचा रिसीव्हर, दाराचा बल्ब. अडीच तासाच्या 9 अँपिअरला सगळे घाबरतात, चाळीस तासाच्या एक अँपिअरकडे कोणी बघत नाही.

सातपुडा_फिरस्ता

एक विचारू का बाबा, रागावू नका. ओट्याखालची 150 ची बॅटरी तेव्हा किती होती? सोलरवर दोन दिवस उन्हात उभी होती म्हणजे फुल असणार. मग जंप द्यायला पिकअप कशाला शोधला? तुमच्याच गाडीत भरलेली बॅटरी होती की!

भुसावळकर_बाबा

@सातपुडा_फिरस्ता, आत्ता वाचलं आणि बायकोला वाचून दाखवलं, ती अर्धा तास हसतेय. खरंच फुल होती हो, फ्रीज मस्त चालू होता. डोक्यातच आलं नाही. तशी जंप केबलही नव्हती जवळ, पिकअपवाल्याकडेच होती.

@वायरिंगवाला_धुळे, मीटर आहे घरी, मुलाचं. रविवारी करतो आणि कळवतो.

सातपुडा_फिरस्ता

केबल घेऊन ठेवा, जाड घ्या, बारीक तारेची रस्त्यावर मिळते ती नुसती गरम होते. ट्युब्युलर बॅटरी सेल्फसाठी तितकी दमदार नसते हेही ध्यानात ठेवा, लगेच चावी मारू नका, जोडून दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायचं म्हणजे पुढची थोडी भरते, मग दोघी मिळून उचलतात. शेवटची निगेटिव्ह बॅटरीवर लावायची नाही, इंजिनच्या लोखंडावर, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीलाच ठिणगी पडते.

त्यावरून आठवलं, ओट्याखाली पाण्याची ट्युब्युलर आहे आणि वर गॅस-शेगडी, आणि रात्री काचा बंद करून झोपता? त्या बॅटरीला बाहेर जाणारी हवेची नळी आहे का? नसेल तर लाइटचं राहू द्या, आधी ते करा.

भुसावळकर_बाबा

रविवार. मंडळी, सापडला.

आधी स्ट्रिप मोजली, म्हटलं तापीकाठ भाऊंचा हिशेब तपासू. सगळ्या पेटवून 4.1 अँपिअर. साडेनऊ नाही. म्हणजे स्ट्रिप स्वस्तातली निघाली, टोकाला मंद पडते ते मला आधीच दिसत होतं. तर लाइटचे दोन रात्रीचे 20 एएच फक्त.

मग सगळं बंद केलं, चावी घरात नेऊन ठेवली, दारं लावली, मुलगा पुढं मीटर धरून बसला. 1.72 अँपिअर. मी म्हटलं मीटर बिघडलं. पुन्हा लावलं, 1.71. पाऊण तास थांबलो, हलेना. 0.05 पाहिजे तिथं 1.7. चाळीस तासाचे 68 एएच, लाइटचे 20, झाले 88. बॅटरी मरणारच होती.

फ्यूज काढायला लागलो, टेपचा काढला तर 1.67, आतल्या दिव्याचा काढला तर सरळ 0.04 वर. पण आतला दिवा तर बंद दिसत होता! छतावरचा बघितला, बंद. मुलाला सुचलं, त्यानं मोबाइलवर व्हिडिओ चालू करून पलंगाखालच्या डिक्कीत ठेवला आणि मागचं दार लावलं. पाच मिनिटांनी काढून बघितलं तर आत लख्ख उजेड. शाळेच्या वेळचे 10 वॉटचे दोन पिवळे बल्ब काम करणाऱ्यानं काढून तिकडं लावून दिलेले, दार उघडलं की पेटतात, लावलं की विझतात अशी चांगली सोय. पण त्यानंच चौकटीवर प्लायवुड आणि वर गालिचा चिकटवला, त्या जाडीमुळं दार लागतं पण चौकटीवरचं बल्ब विझवणारं बटण दबत नाही. वर पलंगाची फळी, मागं काळी काच, बाहेरून उजेडाचा कवडसा नाही. आठ महिने असेच जळतायत. रोज गाडी चालायची म्हणून भरून निघत होतं, तोरणमाळला दोन दिवस उभी राहिली आणि उघडं पडलं.

आणि त्या बल्बांच्या गरमीनं फळीचा खालचा रंग करपलाय, हात लावला तर पापुद्रा निघाला. तिथंच आमची रजई असते.

वायरिंगवाला_धुळे

20 वॉट भागिले 12, म्हणजे 1.66. बरोब्बर तेवढाच आकडा निघाला तुमचा. रजईचं वाचून मात्र पोटात गोळा आला, ते बल्ब आजच काढा.

आता बाकीचं नीट करून घ्या, एकदाच. स्ट्रिप पुढच्या बॅटरीवरून काढून मागच्या 150 वर न्या, गाडी सुरू करायच्या बॅटरीवर घरातलं काहीच नको. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच फ्यूज, लाइटला 10 अँपिअरचा पुरे, वायर 2.5 स्क्वेअर एमएमची. मंद पडतात त्या स्ट्रिपला दोन्ही टोकांनी सप्लाय द्या, सारख्या लागतील.

मागच्या बॅटरीला लो व्होल्टेज कटऑफ बसवा, व्होल्टेज फार खाली गेलं की तो लोड तोडतो. शिशाच्या बॅटरीला काही तास आराम देऊन मोजलं तर 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 11.9 च्या खाली म्हणजे पापड. कटऑफ लोड चालू असताना बघतं म्हणून 11.8 ला ठेवलं तर चालतं, पण तुम्ही स्वतः सकाळी 12.2 च्या खाली दिसलं की हात आवरा.

तापीकाठ

बाबा मी स्ट्रिपवर घसरलो, कबूल. पण डिमर लावाच. आणि पांढरा उजेड काढून पिवळसर लावा, सातपुड्यात पावसाळ्यानंतर पांढऱ्यावर किडे असे येतात की वरणात पडतात.

स्ट्रिप नुसती डिंकावर चिकटवू नका, मे महिन्यात बंद गाडीत डिंक पाघळतो आणि सकाळी सगळी तोरणं खाली. ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवा, दाणेही थंड राहतात.

खान्देशी_ड्रायव्हर

मग मागची बॅटरी चालताना अल्टरनेटरवरून भरायची का फक्त सोलरवर? लिथियम टाकली तर?

वायरिंगवाला_धुळे

बाबांच्या वापराला आपल्याकडच्या उन्हात 160 वॉट पुरतंय, फ्रीज चोवीस तास नसेल तर. श्रावणात ढग राहतात तेव्हा अल्टरनेटरवरून घ्यावं लागेल, मधे व्होल्टेज बघून जोडणारा रिले टाकायचा, तो इंजिन चालू असताना 13.3 च्या आसपास जोडतो आणि इंजिन बंद झालं की तोडतो. नुसती केबल मारून दोन्ही बॅटऱ्या कायमच्या जोडू नका, एक बसली की दुसरीलाही घेऊन बसते. बऱ्याच नव्या बीएस 6 (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत अल्टरनेटर व्होल्टेज खालीवर करतो, तिथं रिले गोंधळतो, डीसी टू डीसी चार्जर लागतो, तो मागच्या बॅटरीला हवं तेवढंच व्होल्टेज आणि करंट देतो. लिथियमलाही तोच, कारण ती बेफाम करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. आणि लिथियम बरीच रिकामी होईपर्यंत 13 च्या आसपासच दाखवते, व्होल्टेजवर विश्वास ठेवून बसलात तर एकदम अंधार. तिला शंटवाला मॉनिटर घ्या, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजून किती उरलं ते सांगतो.

भुसावळकर_बाबा

सगळं करून घेतलं, दोन दिवस गेले. बॅटरीच्या हवेची नळीही बाहेर काढली. सगळं बंद असताना आता 0.04. टेपचे ते 0.05 पण तोडले, चावीवर घेतला. शनिवारी उनपदेवला जाऊन एक रात्र राहून आलो, सकाळी पहिल्या झटक्यात सेल्फ.

डिक्कीतले बल्ब काढून टाकलेत. आता बायको म्हणते तिथं काहीच दिसत नाही, मिरचीच्या ठेच्याची बरणी हाताला लागत नाही. बॅटरीवर चालणारा टॉर्च दोरीनं टांगून दिलाय. त्याचे सेल उतरले की परत इथं येईन.