मदत हवी आहे: इंडक्शनवर भाकरी कशी फुगवता?

मंडळी, आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. गेल्या महिन्यात गॅस काढून डबल ओव्हनचा इंडक्शन कुकर (इथे शेगडी आणि ओव्हन एकत्र असलं की त्याला कुकर म्हणतात) घेतला, ६० सेंमी रुंदीचा. वर चार झोन (भांडी ठेवायच्या तापणाऱ्या जागा), मधे ग्रिलवाला, म्हणजे वरून आच देणारा, छोटा ओव्हन, खाली पंख्याचा मोठा. इलेक्ट्रिशियनने ३२ अँपिअरची वेगळी लाईन बघून जोडून दिला. चहा, वरण झकास. आईने दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा प्रेशर कुकर मात्र माळ्यावर गेला. बुडाला लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे या बाईसाहेब त्याला ओळखच देत नाहीत.

घोडं अडलंय भाकरीपाशी. लोखंडी तवा चालतो, पण झोनपेक्षा मोठा आहे. मधे काळे डाग, कडा पांढऱ्याफटक. मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवूनही तेच. आणि शेवटी विस्तवावर टाकायला जाळ कुठाय? काल वरच्या ओव्हनचं ग्रिल लालभडक करून जाळीवर एक ठेवली. टम्म फुगली! मी नाचायचीच बाकी होते. पुढच्या दोन मात्र पापडासारख्या कडक झाल्या. तुम्ही जाळी ग्रिलपासून किती खाली ठेवता? मिनिटभर ठेवता की तेवढंही नाही? की तव्यावरच फडक्याने दाबून भागवता?

अजून एक. डावीकडच्या मागच्या झोनला बूस्ट (जादा जोराची आच) दिला की पुढचा आपोआप मंदावतो. दोघं वीज वाटून घेतात म्हणे. मग तवा उजवीकडे नेऊ का?

जरा लवकर सांगा. पुढच्या आठवड्यात सासूबाई येताहेत, पाच किलो ज्वारीचं पीठ घेऊन.