लॅब्राडोरला उलट्या, रिपोर्टात लिव्हरचे आकडे वाढलेले, डॉक्टर म्हणतात स्वादुपिंड. नक्की काय?

शेरूचाबाप:
नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतोय, सांभाळून घ्या. आमचा शेरू, लॅब्राडोर, साडेसात वर्षांचा, वजन ४१ किलो (हो, जास्त आहे, माहितीये). रविवारी घरी आखाडाचं मटण होतं, पाहुणे, गडबड, आणि कुणीतरी (मेव्हणे, दुसरं कोण) त्याला चरबीचे तुकडे आणि नळ्या भरपूर घातल्या. सोमवारी रात्रीपासून उलट्या. आधी अन्न, मग पिवळं पाणी, मग नुसता फेस. आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर करून उभा राहत होता, मला वाटलं खेळायला बोलावतोय, मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. आता तो फोटो बघवत नाही.

काल डॉक्टरांनी सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं, रक्त काढलं. एएलपी ८००च्या वर, एएलटी जरासं वाढलेलं (ही दोन लिव्हरची एन्झाइम म्हणे), अमायलेज (हे स्वादुपिंडाचं) नॉर्मल. रिपोर्ट आणायला गेलो तर तिथला पोरगा म्हणाला लिव्हर गेलंय साहेब, टॉनिक चालू करा. डॉक्टर म्हणतात स्वादुपिंडाला सूज वाटतेय, सोनोग्राफी करू आणि एक वेगळी लायपेजची (चरबी पचवणारं एन्झाइम) किट टेस्ट करू. आता अमायलेज नॉर्मल असताना स्वादुपिंड कसं काय? उगाच टेस्ट वाढवतायत का? बाबांचं म्हणणं दोन दिवस उपाशी ठेव, मग दूधभात दे, आपोआप बरा होतो. प्लीज सांगा कुणी.

पॉमवाली_नाशिक:
तुमच्या डॉक्टरांचं ऐका, टेस्ट करा. आमच्या पॉमेरेनियनला अगदी हेच, दिवाळीत, चकली आणि तळणाचं काहीबाही खाल्लं होतं. तो ढुंगण वर करून उभं राहण्याचा प्रकार म्हणजे पोटात कळ आहे, खेळ नाही. आम्हीपण तीन दिवस ओवा-पाणी करत बसलो आणि मग चार दिवस ॲडमिट. तेव्हापासून दोन वर्षं ती लो फॅटवर आहे.

रानवारा७७:
अंग गरम लागत असेल तर अर्धी क्रोसिन दे, आमच्याकडे सगळ्या कुत्र्यांना देतो काही होत नाही.

गुरांचाडॉक्टर:
आधी वरच्याला उत्तर. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, ब्रूफेन, काही म्हणजे काही देऊ नका. पॅरासिटामॉल लिव्हरलाच मारतं, आणि मांजराला तर एका गोळीत जीव जाऊ शकतो. ब्रूफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडन्या जातात. दुखण्यावर जनावरांची वेगळी औषधं असतात ती डॉक्टर देतील, आणि ती मागून घ्या कारण हे दुखणं बेक्कार असतं.

आता शेरूचं. मी जास्त करून गाई-म्हशीच बघतो पण कुत्रीही येतात, आणि आखाडात नि दिवाळीनंतर ही केस ठरलेली. स्वादुपिंड अन्न पचवायचे रस बनवतं. ते रस आतडं येईपर्यंत झोपलेले असायला पाहिजेत. ते स्वादुपिंडातच जागे झाले की स्वतःच्याच घराला पचवायला लागतात, कुंपणानेच शेत खाल्लं तसं. चरबीचं जेवण, लठ्ठपणा, रक्तातली चरबी, काही औषधं अशी बरीच कारणं, आणि कित्येकदा कारण सापडतही नाही.

मग लिव्हरचे आकडे का वाढलेले दिसतात? पित्ताची नळी स्वादुपिंडाला अगदी लागून जाते. तिथे सूज आली की नळी दाबली जाते, पित्त तुंबतं, एएलपी वर चढतं. एएलपी म्हणजे लिव्हर फेल नव्हे हो. खाजेसाठी स्टेरॉइड चालू असलेल्या कुत्र्याचं पण एएलपी आभाळाला टेकतं. लिव्हर कामच करत नाहीये का हे बघायला अल्ब्युमिन, शुगर, बिलिरुबिन, रक्त गोठायला किती वेळ लागतो असलं सगळं एकत्र बघावं लागतं. आणि अमायलेजवर कुत्र्यात भरवसा नसतो, दुखणं असून नॉर्मल येतं, किडनीच्या त्रासात उगाच वाढतं. म्हणून ती वेगळी लायपेजची टेस्ट, ती फक्त स्वादुपिंडातून आलेलं लायपेज मोजते. तुमचे डॉक्टर बरोबर रस्त्यावर आहेत. टॉनिकने नुकसान नाही पण उलट्या चालू असताना तोंडाने गोड सिरप ओतून काय उपयोग, तेही बाहेर येणार.

पावसाळा आहे म्हणून दोन गोष्टी विचारतो: लघवी चहासारखी गडद आहे का, आणि हिरड्या पिवळ्या किंवा पांढऱ्या पडल्यात का? गोचीड ताप आणि लेप्टो दोन्हीत कावीळ दिसते. लेप्टो उंदराच्या मुतातून येतो, माणसालाही होतो, शंका असेल तर शेरूची लघवी पुसताना हातमोजे घाला.

शेरूचाबाप:
डॉक्टर खूप आभार. लघवी पिवळीच आहे, गडद नाही, हिरड्या गुलाबी. गोचीड नाहीत, लेप्टोची लस झालीये. उपाशी ठेवायचं का पण?

गुरांचाडॉक्टर:
पूर्वी आम्हीसुद्धा तेच सांगायचो, दोन-तीन दिवस तोंड बंद. आता नाही सांगत. उलटी औषधाने थांबली की लवकरात लवकर थोडंथोडं खायला घालायचं, आतडं रिकामं राहिलं की अजून बिघडतं. पण बिनचरबीचं.

पॉमवाली_नाशिक:
बाबांना सांगा दूधभात नको. डेअरीवर म्हशीच्या दुधाला फॅट लावून भाव मिळतो ना, सहा-सात टक्के, तेच फॅट शेरूच्या पोटात. आमच्याकडे भात मऊ शिजवून, कातडं काढलेली कोंबडीची छाती उकडून, पाणी गार करून वर आलेली तेलाची साय चमच्याने काढून टाकायची आणि मग कालवायचं. मीठ नाही, कांदा-लसूण नाही, तूप अजिबात नाही. सुरुवातीला दर तीन तासांनी दोन-तीन चमचे. मी किचनच्या वजनकाट्यावर मोजते, सासूबाई हसतात. आणि कायमचं हेच खायला घालायचं असेल तर डॉक्टरांकडून कॅल्शियम-बिल्शियम बघून घ्या, नुसत्या भात-कोंबडीवर कुत्रं भागत नाही. पनीर हलकं असतं असं समजून देऊ नका, मी तीच चूक करून परत एक ॲटॅक ओढवून घेतला होता.

जर्मनशेफर्ड_कोल्हापूर:
जरा वेगळं लिहितो कारण स्वादुपिंड म्हटलं की सगळ्यांना उलट्याच आठवतात. आमचा जीएसडी (जर्मन शेफर्ड) दोन वर्षांचा असताना उलटं झालं, उलटी एकही नाही, राक्षसासारखा खायचा, स्वतःची शी पण खायचा (माफ करा), आणि दिवसेंदिवस बरगड्या दिसायला लागल्या. शी म्हणजे ढीगभर, फिकट, तुपकट, वास विचारू नका. सहा महिने जंताची औषधं चालू होती. शेवटी मुंबईला परळच्या बैलघोड्याला (जनावरांचं हॉस्पिटल) दाखवलं, तिथून टीएलआय टेस्ट (स्वादुपिंड रस बनवतं का ते बघणारी रक्ताची तपासणी) करायला सांगितली आणि कळलं की स्वादुपिंड रसच बनवत नाहीये. जीएसडीमध्ये हे रक्तातूनच येतं म्हणे. आता प्रत्येक जेवणावर एन्झाइमची पावडर आणि बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन. ३४ किलो झालाय पठ्ठ्या. पावडर विसरली की दुसऱ्या दिवशी अंगणच सांगतं.

पुस्तकीकिडा:
अवांतर: माणसाच्या मधुमेहाचं कोडं कुत्र्याच्या स्वादुपिंडामुळेच सुटायला लागलं. १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंगनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर यायला लागली. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्टनी कुत्र्यांवरच काम करून इन्सुलिन वेगळं केलं. आज इन्सुलिन टोचणाऱ्या प्रत्येकावर त्या कुत्र्यांचं कर्ज आहे.

गुरांचाडॉक्टर:
अवांतर नाही ते. स्वादुपिंडाला पुन्हा पुन्हा सूज आली तर काही कुत्र्यांना नंतर मधुमेह होतो. शेरू अचानक खूप पाणी प्यायला, खूप मुतायला लागला तर शुगर तपासा.

माऊवाली:
मांजरवाल्यांनी पण वाचा. स्वादुपिंड सुजलं तरी माऊ बरेचदा उलटी करत नाही, नुसती रुसल्यासारखी बसते. जाडी मांजर तीन-चार दिवस जेवली नाही की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जमते आणि कावीळ. माझी घर बदललं तेव्हा पलंगाखाली बसून राहिली, मी म्हटलं भूक लागली की येईल. आली नाही. नळीने महिनाभर भरवलं तेव्हा वाचली.

शेरूचाबाप:
अपडेट. किट टेस्ट पॉझिटिव्ह, सोनोग्राफीत पण सूज दिसली, पित्ताशय ठीक आहे. तीन दिवस सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, उलटी बंद. आज सकाळी कोंबडी-भाताचे तीन चमचे खाल्ले आणि वाटी चाटूनपुसून साफ केली, मग माझ्याकडे असं बघितलं की बस एवढंच? वजन आठ किलो तरी उतरवायचं सांगितलंय, हळूहळू. बाबा स्वतः उकडलेल्या पाण्यावरची साय काढत बसले होते, चष्मा लावून. मेव्हण्यांचा फोन आला, गटारीला येऊ का. बाबाच म्हणाले, या, पण खिसे तपासून आत घेणार.