होस्टिंगवाल्याच्या बॅकअपवर विसंबून राहावं का?

प्रश्न: वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आमच्या गावच्या जुन्या फोटोंची साइट आहे, सात वर्षांचं काम, परवा एक प्लगइन, म्हणजे त्यातलं जोड-सॉफ्टवेअर, अपडेट केलं आणि नुसती पांढरी स्क्रीन. होस्टिंगवाल्याकडे, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट आहे त्याच्याकडे, बॅकअप होता म्हणून वाचले, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तेवढ्यावर भागेल का?

उत्तर 1: अजिबात नाही. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधे स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, ज्यांचा बॅकअप तिथेच होता त्यांची साइट आणि बॅकअप दोन्ही गेलं. एक कॉपी दुसऱ्या कंपनीकडे आणि एक घरच्या हार्ड डिस्कवर ठेवाच.

उत्तर 2: आणि नुसतं फोल्डर उतरवून घेतलं म्हणजे झालं असं नाही, फोटो अपलोड्स फोल्डरमधे असतात पण लेख, कॉमेंट, फोटोखालची नावं सगळं डेटाबेसमधे, तो हाताळायच्या टूलमधून म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एक्सपोर्ट करून त्याची एसक्यूएल फाइलपण घ्या.

प्रश्नकर्ती: अरे देवा, ती कधी घेतलीच नव्हती! आत्ता काढली, 40 एमबी आहे. बरोबर आहे हे कसं कळणार?

उत्तर 3: लॅपटॉपवर झॅम्प (लॅपटॉपलाच सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात साइट उभी करून बघा ताई. माझी फाइल अर्धवट निघाली होती, एक्सपोर्ट मधेच तुटलेला, शेवटची चार टेबलं गायब. तेव्हापासून दर महिन्याला बॅकअपवरून साइट रिस्टोअर करून बघतो.