फ्रॉइडला अभ्यासक्रमातून हाकला म्हणणाऱ्यांना

कृष्णाकाठ
'विदा_हवा' यांनी काल लिहिलं: "फ्रॉइड, ॲडलर, युंग हे मनोविश्लेषक म्हणजे कथा रचणारे लोक. प्रयोग नाही, मोजमाप नाही. बी.ए.च्या मुलांना मानसशास्त्र म्हणून हे शिकवणं म्हणजे खगोलशास्त्राच्या तासाला पत्रिका मांडणं." त्यावर भराभर अंगठे उमटले. मी हा विषय बरीच वर्षं शिकवते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

फ्रॉइडने सांगितलेल्या बालपणाच्या मौखिक, गुदीय वगैरे अवस्था कोणी सिद्ध सत्य म्हणून शिकवत असेल तर त्याला जरूर जाब विचारा. पण १८९०च्या आसपास व्हिएन्नात उन्मादाच्या (हिस्टेरियाच्या) रुग्ण बाईला काय मिळायचं? विजेचे उपचार, पाण्याचे उपचार, सक्तीची विश्रांती. फ्रॉइडनेही विजेचं यंत्र वापरलं, सोडलं आणि रुग्णाला बोलू दिलं. हेच पुढे मनोविश्लेषण. १९०२पासून बुधवारी त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळींनी पुढे त्यालाच खोडलं. लहानपणी मुडदूस झालेला ॲडलर म्हणाला, मुलाला आधी जाणवतं ते आपलं दुबळेपण. १९११ला तो बाहेर पडला, १९१३ला युंग. नंतर मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नायने स्त्रीविषयीचा सगळा सिद्धांतच पुरुषाच्या नजरेतून मांडलेला आहे हे दाखवलं. याच परंपरेत शिकलेल्या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ बोल्बीने चोऱ्या करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास १९४४मध्ये छापला आणि आईपासून झालेल्या ताटातुटीकडे बोट दाखवलं. त्याचा सहकारी रॉबर्टसन याने इस्पितळात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवरचा चित्रपट १९५२ला दाखवला. १९५९च्या प्लॅट अहवालाने ब्रिटनमध्ये इस्पितळात आईबापांना मुलाजवळ येऊ द्या अशी शिफारस केली. या कथांचं एवढं फळ पुरे नाही?

विदा_हवा
बाईचं ऐकलं? फ्रॉइडच्या तरुण रुग्ण डोराचं प्रकरण विसरलात? वडिलांच्या मित्राने दुकानात गाठून बळंच चुंबन घेतलं तेव्हा ती फ्रॉइडच्याच नोंदीनुसार १४ वर्षांची. तिला किळस आली, तर या गृहस्थांनी किळसच रोगाचं लक्षण ठरवली! १९००च्या ३१ डिसेंबरला ती उपचार सोडून गेली, बरं केलं. आणि बोल्बीचं श्रेय यांना देऊ नका. मुलावर उपचार करताना त्याच्या आईशी बोलायला त्याला मनाई करणारी मेलनी क्लाइन याच परंपरेतली. प्राण्यांच्या निरीक्षणाकडे वळला म्हणून मनोविश्लेषकांनीच त्याला दूर ठेवलं.

थोरली
बाकीचं तुमचं चालू द्या. ॲडलरने थोरल्या मुलाबद्दल लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. धाकटं आलं की थोरल्याचं राज्य जातं आणि जबाबदारी तेवढी उरते. दहावीनंतर माझं शिक्षण थांबलं, दोन्ही भाऊ इंजिनिअर झाले. आज आईचं पथ्यपाणी, औषधं, डॉक्टर कोण बघतं? मीच.

शेंडेफळ
ताई, धाकट्यांचीही बाजू ऐका. जुने कपडे, जुनी पुस्तकं, आणि साठीला आलो तरी "तुला काय कळतं". वडिलांची जमीन विकली तेव्हा मला नुसतं सहीला बोलावलं.

विदा_हवा
२०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली. जन्मक्रमाचा स्वभावावर परिणाम जवळजवळ शून्य. थोरल्यांची बुद्धिमत्ता सरासरीने किंचित जास्त, बस.

थोरली
त्या वीस हजारांत भावांच्या फीसाठी शाळा सुटलेल्या किती होत्या? शून्य म्हणे! माझं आयुष्य शून्य आहे का?

विदा_हवा
तुमच्यावर अन्याय झाला हे मान्यच. पण तो गरिबीचा आणि मुलगी म्हणून झालेला. थोरला मुलगा असता तर त्याला शिकवलंच असतं. त्यासाठी ॲडलर कशाला लागतो?

कृष्णाकाठ
ॲडलरचंही म्हणणं तेच आहे. नुसत्या क्रमांकाने काही ठरत नाही. मूल कोणत्या परिस्थितीत येतं आणि तिचा काय अर्थ लावतं, त्याने ठरतं. मूळ लिखाण न वाचता हाकला म्हणणं सोपं असतं.

विदा_हवा
वाचलंय, म्हणूनच चिडतो. असं म्हटलं की सिद्धांत खोटा ठरायची वाटच बंद. १९१९मध्ये पुढे तत्त्वज्ञ झालेल्या तरुण कार्ल पॉपरने ॲडलरला एका मुलाची हकिकत सांगितली. ॲडलरने मूल न बघताच निदान केलं. एवढी खात्री कशी, तर म्हणे हजार वेळचा अनुभव! पॉपर म्हणाला, आता हा एक हजार एकावा.

गिरगावकर
सगळे व्हिएन्नातच अडकलात. कलकत्त्यात गिरीन्द्रशेखर बोस यांनी १९२२मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. तुमच्या सिद्धांतातली खच्चीकरणाची भीती (लिंग कापलं जाईल ही मुलग्याची धास्ती) माझ्या भारतीय रुग्णांत तेवढी ठळक दिसत नाही, असं त्यांनी थेट फ्रॉइडला कळवलं. १९३१ला फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला याच संस्थेने विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली. आदर ठेवून विरोध करता येतो. अभ्यासक्रमात बोस का नाहीत, हे विचारा की.

विदा_हवा
बोस ठेवा, बोल्बी ठेवा. फ्रॉइड-ॲडलर इतिहासाच्या पेपरात, डोरासकट. यापुढे एक इंच सरकणार नाही.

कृष्णाकाठ
डोरा मी शिकवतेच, फ्रॉइडने तिचं काय केलं यासकट. पण इतिहासाच्या पेपरात ढकललं की मुलं ते पाठ करतात आणि सोडून देतात. मला ते व्यक्तिमत्त्वाच्या पेपरातच हवेत, भांडता येईल अशा जागी.

शेंडेफळ
थोरली ताई, एक विचारू? भावांना हे कधी तोंडावर सांगितलंत?

थोरली
सांगितलं. "तुझा स्वभावच तसा आहे," म्हणाले.