कानाच्या पडद्याचं ऑपरेशन अन् पायलटचं मेडिकल
एकानं विचारलंय की कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालेल्या पोराला पायलटचं मेडिकल मिळतं का. ऑपरेशन झालं म्हणून लगेच दार बंद होत नाही हो, धीर सोडू नका. माझ्या भाच्याचा कान परभणीत लहानपणी लई वाहायचा, विहिरीत पोहून आला की सकाळी उशीवर पिवळा डाग, शेवटी टिम्पॅनोप्लास्टी, म्हणजे फाटका पडदा दुरुस्त करायचं ऑपरेशन, केली. क्लास १ ला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या मेडिकलला, आयसीएओचा (आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचा) नियम असाय की ५००, १०००, २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा अन् ३००० ला ५० पेक्षा जास्त ऐकण्यात घट नको, दोन्ही कान वेगवेगळे धरून. पण नुसत्या ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर) राहू नका, पडदा पूर्ण भरल्यावर कानातलं प्रेशर नीट मोकळं होतं का हे ईएनटीकडून तपासून घ्या, विमान खाली उतरताना त्रास तिथंच होतो. अन् फॉर्मात ऑपरेशन लपवू नका, डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.