दुबईतील सात तास, खसखस आणि डॅलसचे वेगळे तिकीट

ब-२०४ (काकू) : सोसायटीच्या ग्रुपवरील सर्वांना नमस्कार. आम्ही दोघे पुढच्या महिन्यात लातूरहून लेकीकडे अमेरिकेत ऑस्टिनला निघालो आहोत. मुंबईहून १२ तारखेला पहाटे साडेचारच्या विमानाने दुबई, तिथून डॅलस आणि मग ऑस्टिन असा प्रवास असून दुबईत सात तास थांबावे लागणार आहे. ह्यांच्या गुडघ्यांचे सर्वांना ठाऊकच आहे. बसायचे कुठे, बॅगा सांभाळायच्या कशा आणि तिथला व्हिसा लागतो का, या काळजीने झोप उडाली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अ-४०१ (सर) : काकू, विमानतळाच्या आतच थांबणार असाल तर दुबईचा व्हिसा लागत नाही. तिन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, आहेत का, हे मात्र आधी पाहा. वेगळे तिकीट असेल आणि आधीचे विमान उशिरा पोचले, तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही.

क-१०३ : तारीखही नीट पाहा. १२ तारखेचे पहाटे साडेचारचे विमान म्हणजे ११ च्या रात्रीच विमानतळावर हजर व्हायचे. लातूरहून १० च्या रात्रीची मुंबई एक्स्प्रेस धरावी लागेल आणि ११ चा अख्खा दिवस मुंबईत काढावा लागेल. दुबईच्या सात तासांपेक्षा हा दिवस ज्येष्ठांना जड जातो, म्हणून त्याची सोय आधी करा.

अ-३०२ (मावशी) : आमची धाकटीही ऑस्टिनलाच आहे. तिच्यासाठी दोन किलो काळा मसाला आणि डबाभर अनारसे न्याल का? एवढ्या मोठ्या बॅगेत ते सहज मावेल.

ब-२०४ : मावशी, तुमच्या लेकीसाठी न्यायला मला आनंदच आहे. पण मागच्या खेपेला तुमच्या लोणच्याची बरणी फुटून नातवाचे सगळे कपडे तेलात भिजले होते. तेव्हा बोलले नाही, आज विषय निघाला म्हणून सांगते.

क-१०३ : अनारसे तर मुळीच नेऊ नका. अनारशाच्या एका बाजूला खसखस उघड दिसते, काळ्या मसाल्यातही ती भाजून घातलेली असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातील बी आहे. तुम्ही विमानतळाबाहेर पाऊल टाकले नाही तरी तिथे सामानाची तपासणी होऊ शकते. शिवाय सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत ठेवायला आपल्याकडेच २०२२ पासून मनाई आहे.

अ-३०२ : आमच्या घरच्या मसाल्यावर आजवर कोणी बोट ठेवले नव्हते. अफूचा शब्द या ग्रुपवर यावा, याचे फार वाईट वाटले.

क-१०३ : मावशी, मसाल्याला नावे ठेवत नाही. परक्या मुलुखात काकूंना चौकशीला बसावे लागू नये, एवढेच म्हणणे आहे.

अ-४०१ : तिन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर आहेत का, हे पाहा.

ड-५०२ : काकांसाठी व्हीलचेअरची मागणी विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवा. हल्ली धडधाकट माणसेही रांग चुकवण्यासाठी ती मागतात आणि खऱ्या गरजूंना ताटकळावे लागते.

ब-२०४ : हा टोला आमच्यासाठी असेल, तर लिफ्ट बंद होती त्या आठवड्यात ह्यांना जिना चढताना आपण पाहिलेच आहे.

ड-५०२ : काकू, तसा हेतू नव्हता. काकांनी ती जरूर घ्यावी. दुबईच्या टर्मिनल ३ मध्ये ए आणि बी हे भाग इतके लांब आहेत की त्यांच्यामध्ये गाडी धावते. रिकामी बाटली सोबत ठेवा आणि तपासणीनंतर नळावर भरा, कारण भरलेली बाटली तपासणीत ओतून टाकावी लागते. २०१६ च्या टंचाईत मिरजेहून रेल्वेने लातूरला आलेले पाणी ज्यांनी भरले, त्यांच्या ते जिवावर येते. शाकाहारी जेवणाची नोंदही किमान २४ तास आधी करा.

अ-४०१ : तिन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर आहेत का?

सचिव : सर, हा संदेश आपण आधीही टाकला आहे.

अ-४०१ : टाकला आहे, परंतु उत्तर आलेले नाही. मुंबईत बॅगेला लागणाऱ्या टॅगवर शेवटचे ठिकाण ऑस्टिनच लिहिलेले हवे. तसे असले तरी अमेरिकेतील पहिला विमानतळ डॅलस असल्याने इमिग्रेशन तिथेच होईल. बॅगा पट्ट्यावरून उतरवून, खाद्यपदार्थ जाहीर करून त्या पुन्हा जमा कराव्या लागतील. वेगळे तिकीट असेल तर त्या घेऊन दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर नव्याने रांग लावावी लागेल, आणि तेही सुमारे सोळा तासांच्या उड्डाणानंतर.

ब-२०४ : सर, आत्ताच जावयांशी बोलले. डॅलस ते ऑस्टिनचे तिकीट स्वस्त मिळाले म्हणून त्यांनी वेगळेच काढले होते आणि मध्ये जेमतेम दोन तास होते. ते रद्द करून सर्व प्रवास एकाच तिकिटावर घेत आहेत. आपले मनापासून आभार.

अ-३०२ : ताई, नवा मसाला खसखस आणि खोबरे न घालता कुटते. अनारशांऐवजी शेंगदाण्याची चटणी देते, तीही कोरडी. रविवारी संध्याकाळी आणून देईन.

ब-२०४ : जरूर आणा. पाकीट मात्र उघडेच आणा, मी स्वतः पाहून बांधेन.